दस्तऐवज समक्रमण

दस्तऐवज समक्रमण (बोलीभाषेत सिंक) म्हणजे एकाच दस्तऐवजाच्या संगणक, मोबाइल अशा दोन किंवा अधिक उपकरणांवरील प्रती आपोआप एकसारख्या राखण्याची प्रक्रिया होय. एका उपकरणावरील बदल दुसऱ्यावर पोहोचवणे, नवी फाइल तेथे तयार करणे आणि काढून टाकलेली फाइल तेथूनही काढणे ही तिची तीन कामे आहेत. यांतील तिसरे काम बहुतेक वापरकर्त्यांच्या उशिरा लक्षात येते. फोनवर चुकून पुसलेले प्रमाणपत्र समक्रमणामुळे थोड्याच वेळात संगणकावरूनही नाहीसे होते. म्हणून समक्रमणाला सुरक्षित प्रत, म्हणजे बॅकअप, समजणे चुकीचे आहे.

मराठवाड्यात या विषयाचा संबंध मुख्यतः शिक्षणाशी येतो. ‘लातूर पॅटर्न’मुळे लातूरला आणि त्यानंतर नांदेडलाही शिकवणीसाठी आसपासच्या जिल्ह्यांतून विद्यार्थी येऊन राहतात. मूळ कागदपत्रे गावी, मोबाइल विद्यार्थ्याजवळ आणि संगणक नेट कॅफेत किंवा नातेवाइकांकडे, अशी विभागणी त्यामुळे नेहमी आढळते. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत गुणपत्रके, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र, अधिवास प्रमाणपत्र इत्यादींच्या स्कॅन केलेल्या प्रती ठरलेल्या मुदतीत अपलोड कराव्या लागतात. योग्य प्रत वेळेवर हाती नसल्यास राखीव जागेवरील दावा धोक्यात येऊ शकतो.

कार्यपद्धती

समक्रमण करणारी प्रणाली प्रत्येक फाइलचे नाव, आकार, शेवटच्या बदलाची वेळ आणि मजकुरावरून काढलेली एक सांकेतिक संख्या (हॅश) यांची नोंद ठेवते. तुलना दोन प्रतींची वाटत असली तरी प्रत्यक्षात ती तिघांची असते: या उपकरणावरील स्थिती, त्या उपकरणावरील स्थिती आणि दोन्ही शेवटच्या वेळी सारखी होती तेव्हाची स्थिती. ही तिसरी नोंद नसेल तर एका बाजूला नसलेली फाइल दुसऱ्या बाजूला नव्याने आली आहे की या बाजूला पुसली गेली आहे, हे ठरवता येत नाही. मोठ्या फाइलमधील फक्त बदललेला भाग पाठवण्याची युक्ती अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांच्या आरसिंक (१९९६) या प्रणालीमुळे सर्वदूर पोहोचली.

खरी कसोटी लागते ती परस्परविरोधी बदलांच्या वेळी. समजा, लातूरच्या वसतिगृहातील विद्यार्थ्याने इंटरनेट बंद असताना फोनवर अर्जाचा मसुदा दुरुस्त केला आणि त्याच संध्याकाळी नांदेडच्या घरी मोठ्या भावाने संगणकावर त्याच मसुद्यात पत्ता बदलला. काही साधने उशिराची वेळ असलेली प्रत ठेवून दुसरी न सांगता टाकून देतात. अशा वेळी एखाद्या उपकरणाचे घड्याळ चुकीचे असले तर जुनी प्रतच टिकते. ड्रॉपबॉक्स, सिंकथिंग यांसारखी साधने दोन्ही प्रती ठेवतात आणि एकीच्या नावात विरोधाची सूचना जोडतात. वापरकर्त्याला ही जादा फाइल कटकटीची वाटते, पण विश्वासार्हतेची ती मोठी खूण आहे.

इतिहास

संपर्क तुटलेला असताना काम करून नंतर बदल जुळवण्याचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या कोडा या फाइल प्रणालीत झाला. हा प्रकल्प १९८७ मध्ये भारतीय वंशाचे संगणकशास्त्रज्ञ महादेव सत्यनारायणन यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. विंडोज ९५ मध्ये यासाठी ‘ब्रीफकेस’ होती, तर १९९६ च्या पाम पायलट या हातसंगणकाच्या स्टँडवरील बटण दाबून तो संगणकाशी जुळवता येई. ड्रॉपबॉक्स २००८ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. आयक्लाउड २०११ मध्ये, गूगल ड्राइव्ह २०१२ मध्ये आणि सिंकथिंग २०१३ मध्ये आले. भारतात २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाल्यावर या सेवा सामान्य घरांत पोहोचल्या.

प्रचलित पद्धती

सर्वाधिक वापर क्लाउड सेवांचा होतो. गूगल खात्यासोबत १५ जीबी मोफत जागा मिळते, मात्र ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांत वाटलेली असते. १ जून २०२१ पासून अपलोड होणारी छायाचित्रेही तीत मोजली जातात. वनड्राइव्ह व आयक्लाउड ५ जीबी जागा मोफत देतात. अँड्रॉइडवरील ड्राइव्ह अ‍ॅपमध्ये फाइल दिसली म्हणजे ती फोनमध्ये असतेच असे नाही. नेटवर्क नसताना लागणारी फाइल आधीच ‘ऑफलाइन’ म्हणून निवडून ठेवावी लागते. हा फरक अनेकांना कळतो तो रांगेत उभे असताना. संपूर्ण फोल्डर दोन्ही बाजूंनी जुळवायचा असल्यास फोल्डरसिंक, ऑटोसिंक यांसारखी वेगळी अ‍ॅप वापरली जातात. फोनची बॅटरी वाचवणारी यंत्रणा अशा अ‍ॅपना पार्श्वभूमीत थांबवते, म्हणून त्यांना सेटिंगमध्ये सूट द्यावी लागते.

सिंकथिंग हे मुक्तस्रोत साधन फाइली कोणत्याही कंपनीकडे न ठेवता थेट एका उपकरणातून दुसऱ्यात पाठवते. एकाच वायफायवर असलेल्या उपकरणांत यासाठी मोबाइल डेटा खर्च होत नाही. परंतु दोन्ही उपकरणे एकाच वेळी चालू असावी लागतात. गावाकडील वीज गेली की घरचा संगणक बंद आणि समक्रमण ठप्प, ही त्याची स्वाभाविक मर्यादा आहे. त्याच्या अधिकृत अँड्रॉइड अ‍ॅपचा विकास डिसेंबर २०२४ मध्ये थांबला. त्यावरून बनलेली आवृत्ती स्वयंसेवक चालवतात. नेक्स्टक्लाउड (२०१६) स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते. ते संस्थांना सोयीचे असले तरी एका कुटुंबासाठी त्याची देखभाल जड जाते.

व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच किंवा झेरॉक्सच्या दुकानदाराला फाइल पाठवणे ही सर्वांत रुळलेली रीत आहे, पण ते समक्रमण नव्हे. प्रत्येक वेळी नवी, वेगळी प्रत तयार होते. ‘फायनल’, ‘फायनल २’ आणि ‘नवीन फायनल’ यांतील खरी कोणती हे पाठवणाऱ्यालाही आठवेनासे होते. दाखल्याचे छायाचित्र ‘फोटो’ म्हणून पाठवल्यास त्याचा दर्जा कमी होऊन शिक्क्यावरील अक्षरे पुसट होतात. तेच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास मूळ फाइल जशीच्या तशी पोहोचते.

मराठी फाइलींच्या अडचणी

डीटीपी केंद्रांत श्रीलिपी, कृतिदेव किंवा सुरेख यांसारख्या जुन्या संकेतनाच्या फॉन्टमध्ये टंकलेली फाइल फोनवर निर्दोष पोहोचली तरी तेथे तो फॉन्ट नसल्याने अर्थहीन अक्षरे दिसतात. दोष समक्रमणाचा नसून संकेतनाचा असतो. अशा फाइलीची फॉन्टसह पीडीएफ करणे किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलणे हे त्यावरचे उपाय आहेत.

युनिकोडमध्येही एक खास मराठी अडचण राहते. ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावातील ‘ऱ्य’ दोन प्रकारे टंकता येतो: स्वतंत्र ‘ऱ’ वापरून, किंवा साधा ‘र’, हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावे असतात. फोनचा कळफलक एक रीत आणि संगणकाचा दुसरी रीत वापरत असेल, तर एकाच नावाच्या भासणाऱ्या दोन फाइली शेजारी-शेजारी तयार होतात आणि दुरुस्ती भलतीत होते. अ‍ॅपलच्या जुन्या एचएफएस प्लस प्रणालीत तर ‘ऱ’ हे अक्षर ‘र’ व नुक्ता असे फोडूनच साठवले जात असे. त्यामुळे मराठी नावे देताना ‘ऱ’ टाळणे किंवा ते नाव एकदाच टंकून पुढे त्याची नक्कल करणे सोयीचे ठरते.

शासकीय दस्तऐवज

काही कागदपत्रांचे समक्रमण करण्याची गरजच उरलेली नाही. १ जुलै २०१५ रोजी सुरू झालेल्या डिजिलॉकरमध्ये जारी करणाऱ्या यंत्रणेकडून थेट आलेला दस्तऐवज संबंधित नियमांनुसार मूळ प्रतीच्या बरोबरीचा मानला जातो. महाराष्ट्र राज्य मंडळाची दहावी-बारावीची गुणपत्रके तेथे मिळतात. नांदेड व लातूर हे जिल्हे मंडळाच्या लातूर विभागात येतात. वापरकर्त्याने स्वतः स्कॅन करून तेथे चढवलेल्या प्रतीला मात्र हा दर्जा नसतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा १ मे २०१८ पासून ऑनलाइन उपलब्ध आहे. त्याची जुनी पीडीएफ फोल्डरमध्ये जपण्यापेक्षा कामाच्या वेळी नवा उतारा काढणे बरे, कारण मधल्या काळात फेरफार झालेला असू शकतो.

निवड आणि पडताळणी

साधन निवडताना जागेच्या आकड्यापेक्षा पुसलेली फाइल किती दिवस परत मिळते आणि जुन्या आवृत्त्या राहतात का, हे पाहणे महत्त्वाचे असते. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमधील फाइली ३० दिवसांनी कायमच्या जातात. मोठ्या सेवांतही चुका होतात: नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगल ड्राइव्हच्या संगणकावरील आवृत्तीत काही वापरकर्त्यांच्या फाइली दिसेनाशा झाल्या आणि कंपनीला दोष मान्य करून दुरुस्ती द्यावी लागली. म्हणून महत्त्वाच्या कागदपत्रांची एक प्रत समक्रमणाबाहेर, पेन ड्राइव्हवर किंवा वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवली जाते.

पडताळणी सोपी आहे. बिनमहत्त्वाची एक फाइल घेऊन फोन एअरप्लेन मोडवर टाकावा, दोन्हीकडे वेगवेगळे बदल करावेत, मग फोन पुन्हा जोडून दोन्ही बदल शिल्लक राहतात का ते पाहावे; त्यानंतर ती फाइल पुसून परत मिळवून पाहावी. ही चाचणी प्रवेशाच्या हंगामाआधी करणे उपयुक्त असते.

नेट कॅफे किंवा सेवा केंद्रातील संगणकावर समक्रमणाचे सॉफ्टवेअर जोडल्यास संपूर्ण फोल्डर तेथे उतरतो आणि खात्यातून बाहेर पडल्यावरही काही फाइली डिस्कवर राहू शकतात. अशा ठिकाणी ब्राउझरच्या खासगी विंडोतून लागेल तेवढीच फाइल घेतली जाते, आणि काम झाल्यावर डाउनलोड फोल्डर रिकामा केला जातो. फोन हरवल्यास खात्याच्या दुसऱ्या टप्प्यातील पडताळणीचा संकेत त्याच हरवलेल्या सिमवर येतो. यासाठी गूगलसारख्या सेवा एकदाच वापरता येणारे पर्यायी संकेत देतात. ते कागदावर छापून घरी ठेवावे लागतात. त्याच खात्याच्या फोल्डरमध्ये ठेवलेले संकेत खाते बंद असताना उघडता येत नाहीत.