सायली संजीव आणि खानदेशचा प्रेक्षक : मालिका-अभिनयाच्या इतिहासातील एक प्रकरण

नटाच्या चरित्राचा विचार करताना त्याचे गाव, त्याची रंगभूमी आणि त्याचा प्रेक्षक यांचा परस्परसंबंध पाहावा लागतो. दूरचित्रवाणीने हा संबंध मुळापासून पालटला. धुळे-जळगाव महामार्गावरील एरंडोलसारख्या तालुक्याच्या गावातून पाहिले असता हा पालट विशेष स्पष्ट होतो.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. खानदेशातील नेते शिवाजीराव पाटील यांच्या कन्या स्मिता पाटील या त्या दशकात केंद्रावरून मराठी बातम्या देत असत व तेथूनच त्या चित्रपटाकडे वळल्या. परंतु केंद्राचे प्रक्षेपण तेव्हा मुख्यतः मुंबई-पुणे परिसरापुरते होते. ज्या प्रदेशाशी त्यांच्या घराण्याचा संबंध, त्या प्रदेशालाच त्यांचे हे काम पाहता येत नव्हते. १९८४ च्या सुमारास देशभर लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली. त्याच वर्षी 'हम लोग' ही मालिका सुरू झाली. पुढे १९९९ मध्ये 'अल्फा मराठी' वाहिनी अवतरली आणि दैनंदिन मराठी मालिकेचे युग आले.

सायली संजीव यांची कारकीर्द या युगातील होय. त्यांचा जन्म १९९३ साली धुळे येथे झाला. बालपण नाशिकमध्ये गेले. २०१६ मध्ये झी मराठीवर सुरू झालेल्या 'काहे दिया परदेस' या मालिकेतील गौरीच्या भूमिकेने त्या घरोघरी परिचित झाल्या. मुंबईची मराठी मुलगी आणि बनारसचा तरुण यांच्या प्रेमाची ती कथा २०१७ पर्यंत चालली.

चित्रपटातील नटाची भूमिका प्रेक्षकांसमोर येण्यापूर्वीच पूर्ण झालेली असते. मालिकेतील नटाचे तसे नसते. भाग प्रक्षेपित होत असतानाच पुढील भागांचे चित्रीकरण चालू राहते. प्रेक्षकसंख्येचे साप्ताहिक आकडे कथेची लांबी व दिशा ठरवितात. आपल्या पात्राचा शेवट नटाला आरंभी ठाऊक नसतो. रोजच्या सहवासामुळे लोक त्याला पात्राच्याच नावाने ओळखू लागतात. ही ओळख जितकी जलद मिळते, तितकीच ती बंधनकारक ठरते.

त्या बंधनातून वाट काढण्याचा प्रयत्न सायली संजीव यांच्या पुढील कामात दिसतो. २०१८ ची हिंदी मालिका 'परफेक्ट पती', २०२० मधील 'शुभमंगल ऑनलाइन' आणि २०२१ चा 'झिम्मा' हे त्यातील टप्पे होत. त्यांची प्रमुख भूमिका असलेल्या 'गोष्ट एका पैठणीची' या शंतनू रोडे दिग्दर्शित चित्रपटाला २०२२ मध्ये घोषित झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला.

या वाटचालीचे ऐतिहासिक महत्त्व वैयक्तिक यशापलीकडचे आहे. पूर्वी खानदेशशी नाते सांगणारा चेहरा पडद्यावर होता. परंतु तो खानदेशात दिसत नव्हता. आता धुळ्यात जन्मलेली अभिनेत्री एरंडोलच्या घरात रोज दिसू शकली. मात्र तिने साकारलेले घर मुंबईचे होते. एरंडोलच्या बाजारात ऐकू येणाऱ्या अहिराणीला त्या घरात जागा नव्हती. हा दोष अभिनेत्रीचा नव्हे. निर्मितीचे केंद्र मुंबईत राहिले आणि नटांना तेथेच जावे लागले, याचा तो परिणाम होय. प्रक्षेपण खानदेशापर्यंत पोहोचले. खानदेशची वाणी मात्र प्रक्षेपणापर्यंत तितक्या सहजतेने पोहोचली नाही. मालिका-अभिनयाचा प्रादेशिक इतिहास लिहिताना या दोन प्रवासांतील अंतर मोजावे लागेल.