मनाचं दुखणं, गावचा दवाखाना

आमच्या गटातल्या एक ताई डोकं दुखतं, झोप नाही म्हणून वर्षभर दवाखान्यात जात होत्या. गोळ्या मिळत गेल्या. मनात काय चाललंय, हे कुणी विचारलं नाही. आम्हीही नाही.

हा प्रश्न साध्या दवाखान्यातच विचारावा, हा विचार मात्र जुना आहे. १९७५ च्या सुमारास हरियाणातल्या रायपूर रानीत चंदीगडच्या पीजीआयनं आणि बंगळूरजवळ सकलवारा इथं निम्हान्सनं तो करून पाहिला. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना, आरोग्यसेवकांना फेफरं आणि मनाचे आजार ओळखायला शिकवलं. १९८२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आला. जिल्ह्याचा कार्यक्रम सुरू व्हायला १९९६ उजाडलं, तोही चारच जिल्ह्यांत. चौदा वर्षं गेली!

आम्हाला जवळचं वाटतं ते गोव्याचं काम. 'संगात' संस्थेनं डॉ. विक्रम पटेल यांच्यासोबत स्थानिक पदवीधर बायकांना दोन महिने शिकवून दवाखान्यांत बसवलं. त्या डॉक्टर नव्हत्या, नर्सही नव्हत्या. ऐकून घेणं, आजार समजावणं, पुन्हा बोलावणं हे त्यांचं काम. गरज पडली तर औषध डॉक्टर देत. २०१० मध्ये निष्कर्ष छापून आले: सरकारी आरोग्य केंद्रांत उदासी आणि चिंतेचे रुग्ण जास्त प्रमाणात बरे झाले. खासगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही.

आता हप्ते मोजून झाले की आम्ही झोपेचंही विचारतो. 'टेली-मानस'चा मोफत नंबर १४४१६ गटाच्या वहीवर लिहिलाय. त्या ताईंनीच लिहिला.