बी-बाम आणि आपला ओवा



बियाण्याच्या रंगीत पाकिटावर हल्ली 'बी-बाम' हे नाव दिसतं. लालभडक फुलं, पानाला उग्र सुवास, मधमाश्यांची आवड. चेंबूरला राहणाऱ्या मुलाच्या गॅलरीत एक कुंडी लावावी की गावाकडं वाफाभर टाकावं, असा विचार मनात आला असेल, तर आधी या झाडाची कुळकथा ऐका. ती फिरून आपल्याच दारी येते.

झाड तुळस-पुदिन्याच्या कुळातलं, मूळचं उत्तर अमेरिकेतलं. शास्त्रीय नाव मोनार्डा. स्पेनमधल्या सेव्हिल शहरातले वैद्य निकोलास मोनार्देस यांनी १५६५ पासून अमेरिकेतल्या औषधी वनस्पतींवर पुस्तकं काढली, त्यांच्यावरून हे नाव पडलं. त्याच सुमाराला, १५६३ मध्ये, गोव्यात गार्सिया द ओर्ता यांचं आपल्याकडच्या औषधींवरचं पुस्तक छापलं गेलं. मुंबई बेट तेव्हा याच ओर्तांकडं खंडानं होतं, म्हणजे चेंबूरपासून काही कोसांवरच. वर्षातून दोनदा फळणाऱ्या आंब्याचीही त्यांनी नोंद केली आहे! या दोघांचंही लिखाण लॅटिन भाषेत नेलं ते क्लुसियस या एकाच गृहस्थानं.

अमेरिकेतले मूळ रहिवासी मोनार्डाच्या पानांचा काढा घेत. १७७३ मध्ये बोस्टन बंदरात इंग्रजांचा चहा समुद्रात फेकला गेला. पुढं चहावर बहिष्कार घालणाऱ्या घरांत हीच पानं उकळू लागली. आपला गवती चहाच म्हणा ना.

आता मुद्द्याचं. मोनार्डाच्या काही जातींत थायमॉल असतं, आणि तेच आपल्या ओव्यातही असतं. शेतात अनवाणी राबणाऱ्यांना जडणाऱ्या अंकुशकृमीवर त्या काळी थायमॉल देत. पहिल्या महायुद्धापूर्वी आपला ओवा जहाजानं जर्मनीला जाई आणि थायमॉल तिथं निघे. घाम आपला, नफा तिकडं. १९१४ ला युद्ध पेटलं, वाट बंद झाली, औषध महागलं. तेव्हा अमेरिकेच्या शेतीखात्यानं तिथल्या रानमोनार्डापासून थायमॉल काढण्याची माहिती १९१६ मध्ये शेतकऱ्यांसाठी छापली. पुढं थायमॉल कारखान्यात रसायनांपासून स्वस्तात बनू लागलं आणि ओव्याची ती मागणी ओसरली.

तेव्हा बी-बाम लावायचं तर हौसेपुरतं लावा. ते थंड मुलखातलं झाड. कोकणपट्टीच्या उकाड्यात रडतं, पानांवर भुरीही लवकर येते. चेंबूरच्या कुंडीत पानओव्याची फांदी खोचा, ती हमखास जगते. मधमाश्यांना तुळशीच्या मंजिऱ्या आहेतच. गावाकडं वाफा रिकामा असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओवा टाका. बी फार बारीक, म्हणून वाळूत मिसळून पेरा आणि वर मातीचा थर पातळच ठेवा.