गल्लीतील गंधरेषा : कुत्री-मांजरे हद्द का आखतात?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील दौलतगंज ही जुनी पेठ. दौलतराव शिंदे यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेस छावणी टाकली, पुढे त्या छावणीचेच शहर झाले आणि अनेक मराठी कुटुंबे तेथे कायमची स्थिरावली. अशा पेठेच्या दाटीवाटीच्या गल्ल्यांत माणसांची हद्द भिंतींनी आणि दस्तऐवजांनी ठरते. त्याच गल्लीतील कुत्र्या-मांजरांची हद्द मात्र विजेच्या खांबावर, ओट्याच्या कोपऱ्यावर आणि दुचाकीच्या चाकावर लिहिलेली असते. ती वाचण्यासाठी नाक हवे.

कुत्रा खांबापाशी पाय वर करतो, तेव्हा त्याला लघवीची निकड असतेच असे नाही. तो थोडे थोडे मूत्र राखून अनेक ठिकाणी सोडतो. त्या गंधातून नर की मादी, मादी माजावर आहे काय, खूण ताजी की शिळी, एवढा मजकूर दुसऱ्या कुत्र्यास कळतो. उभ्या वस्तूवरील गंध नाकाच्या उंचीवर राहतो, म्हणून खांब पसंत पडतो; वाहनाच्या चाकावर तर दुसऱ्या मोहल्ल्यातील खुणाही चिकटून आलेल्या असतात, त्यांना उत्तर देणे भागच! नंतर मागच्या पायांनी माती उकरणे म्हणजे घाण झाकणे नव्हे. उकरल्याची खूण डोळ्यांना दिसते आणि पंजांचा गंधही जमिनीवर उतरतो. लहान चणीचे कुत्रे पाय अधिक वर उचलतात, असेही निरीक्षण आहे. मोठेपणाचा आव आणण्याची सोय प्राण्यांतही आहे म्हणायची.

तथापि या खुणांना कुंपण समजणे चुकीचे ठरेल. त्या सूचनाफलकासारख्या असतात. परका कुत्रा त्या हुंगून पुढेही जातो. प्रत्यक्ष गाठ आणि भांडण टळावे, हा त्यांचा मोठा उपयोग.

मांजराची लिपी अधिक नाजूक आहे. गालाने दाराची चौकट किंवा माणसाचा पाय घासणे ही ओळखीची, निर्धास्तपणाची खूण होय. नखे ओरबाडताना पंजांतील ग्रंथींचा गंध लाकडावर उतरतो. शेपूट ताठ करून, ती थरथरवत भिंतीवर मागे फवारा मारणे ही मात्र तणावाची किंवा प्रजननाची घोषणा. बोक्याच्या मूत्रात फेलिनिन नावाचे अमिनो आम्ल असते. ते विघटित होऊ लागले की गंधकयुक्त द्रव्ये तयार होतात, त्यामुळे तो उग्र दर्प वेळ जाईल तसा वाढतो. एकच वाट दोन मांजरे वेगवेगळ्या वेळी वापरू शकतात, कारण खुणेचे वय दोघांनाही समजते.

याच कुळातील वाघाची कथा तांदूळ खाणाऱ्या गोमंतकीयांना रुचावी. शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वाघाच्या गंधद्रवात २-असिटाइल-१-पायरोलिन हे द्रव्य आढळले. बासमती आणि आंबेमोहोर यांचा सुवास त्याचाच.

या गंधव्यवहाराचा नगरव्यवस्थेशीही संबंध आहे. भटकी कुत्री उचलून नेली की त्यांच्या जागी अन्न असते, पण जुन्या खुणा विरत जातात आणि शेजारची कुत्री तेथे शिरतात. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत निर्बीजीकरण व लसीकरणानंतर कुत्र्यास मूळ जागीच सोडण्याची तरतूद आहे, तिच्यामागे हेही एक कारण आहे. दारापुढे कुत्र्याने पाय वर करू नये म्हणून निळीच्या पाण्याची बाटली टांगण्याची चाल अनेक शहरांत दिसते. कुत्र्याला निळा रंग दिसतो हे खरे. पण त्याचा निर्णय नाक घेते, बाटली नव्हे.

घरातील मांजर एकाएकी भिंतीवर फवारे मारू लागले तर अनेक जण त्यास मारतात, प्रसंगी दूर नेऊन सोडतात. खिडकीबाहेर आलेला नवा बोका, घरातील पाहुणे, हललेले सामान, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. मार बसला की भीती वाढते आणि फवारेही वाढतात. निर्बीजीकरणानंतर दहापैकी साधारण नऊ बोक्यांची ही सवय बंद होते किंवा बरीच कमी होते. कुत्र्यांत तितका हमखास फरक पडत नाही.

डाग पुसण्यासाठी अमोनियायुक्त द्रावण वापरू नये. त्याचा वास मूत्राशी मिळताजुळता असल्याने त्याच जागी पुन्हा खूण होते. काळे फिनाईल तर मांजराच्या घरात नकोच. त्यातील फिनॉल पचविण्याची क्षमता मांजराच्या यकृतात फार कमी असते आणि पंजे चाटताना ते पोटात जाते.

एक फरक मात्र तातडीने ओळखावा लागतो. फवारा मारणारे मांजर उभे असते. बोका वारंवार बसून कुंथत असेल, ओरडत असेल आणि लघवी थेंबभरच होत असेल किंवा होतच नसेल, तर तो हद्द आखत नाही, त्याचा मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. अशा वेळी त्याच दिवशी पशुवैद्याकडे न नेल्यास एक-दोन दिवसांत त्याचा जीव जाऊ शकतो.