प्लास्टिकच्या छोट्या प्रतिकृती जोडताना : गोंदाआधी प्लास्टिक ओळखा

काळेवाडी : दिवाळीच्या सुट्टीत अंगणात किंवा इमारतीच्या वाहनतळाच्या कोपऱ्यात उभा राहणारा किल्ला हा मराठी घरांचा जुना छंद आहे. त्याच्या जोडीला आता विमाने, रणगाडे, जहाजे, मोटारी आणि जपानी यंत्रमानव यांच्या सुट्या भागांचे प्लास्टिकचे संचही घरोघरी येऊ लागले आहेत. संच परदेशी बनावटीचा असेल तर त्याची किंमत सहज हजारांच्या घरात जाते. महिनाभर खपून जोडलेले विमान कपाटावरून काढताना पंखापासून सुटते, काचेवर पांढरा धूर बसतो, किंवा एखादा भाग वितळून वेडावाकडा होतो, तेव्हा दोष बहुधा कारागिराच्या हाताचा नसतो. त्या प्लास्टिकला न मानवणारा गोंद वापरलेला असतो.

‘सर्वांत चांगला गोंद कोणता?’ या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही. समोरचे प्लास्टिक कोणते आहे, हे ठरल्यावरच गोंद ठरतो. दुकानदाराला नेमका हाच तपशील कोणी सांगत नाही आणि तोही विचारत नाही.

प्लास्टिकची ओळख

पिंपरी, भोसरी किंवा चाकणच्या मोल्डिंग कारखान्यात काम करणाऱ्या व्यक्तीला असा संच उघडताच ओळखीची वस्तू दिसेल. साच्यातून निघालेली चौकट, तिच्या दांड्या म्हणजे ‘रनर’ आणि भाग जेथे दांडीला जोडलेला असतो ती अरुंद जागा म्हणजे ‘गेट’. मोटारींचे प्लास्टिकचे भाग ज्या इंजेक्शन मोल्डिंग पद्धतीने बनतात, त्याच पद्धतीने हे संचही बनतात. अनेक उत्पादक चौकटीवरच प्लास्टिकचे नाव उठवतात. ‘पीएस’ म्हणजे पॉलिस्टायरीन, ‘एबीएस’ म्हणजे हेल्मेटचे कवच आणि यंत्रांची आवरणे ज्यापासून बनतात ते अधिक चिवट प्लास्टिक, आणि ‘पीई’ म्हणजे पॉलिएथिलीन. त्रिकोणी चिन्हातील आकडाही उपयोगी पडतो. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, २ आणि ४ म्हणजे पॉलिएथिलीन, तर ३ म्हणजे पीव्हीसी.

काहीच लिहिलेले नसेल तर रनरचा एक भरीव तुकडा कापून पाण्याच्या भांड्यात बुडवावा आणि त्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटाने झटकून टाकावेत. पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके असल्याने तुकडा तरंगतो. पॉलिस्टायरीनची घनता सुमारे १.०५ असल्याने तो तळाशी जातो. मग पाण्यात भरपूर मीठ विरघळवावे. पॉलिस्टायरीन व एबीएस आता वर येतात, पीव्हीसी मात्र तळाशीच राहते. तुकडा जाळून वासावरून प्लास्टिक ओळखण्याची कारखान्यातली रीत घरात करू नये. पीव्हीसी जळताना निघणारा वायू घातक असतो.

तुकडा साध्या पाण्यात तरंगला, तर गोंदाचा शोध तेथेच थांबवावा. पिशवीत वीस-पंचवीस मिळणारे मऊ, वाकणारे हिरवे सैनिक बहुधा याच जातीचे असतात. त्यांचा पृष्ठभाग मेणासारखा असून घरगुती गोंद त्यावर धरत नाही. तुटलेली बंदूक बसवायचीच असेल, तर दोन्ही बाजूंना बारीक छिद्र पाडून आत तारेचा तुकडा घालणे हाच टिकाऊ उपाय होय.

चिकटवणे नव्हे, सांधणे

जमिनीवरील रणगाडे, विमाने आणि जहाजे यांचे बहुतांश पारंपरिक संच पॉलिस्टायरीनचे असतात. त्यांच्यासाठी बनवलेल्या द्रावणाला छंदी मंडळी ‘प्लास्टिक सिमेंट’ म्हणतात. रूढ अर्थाने तो गोंदच नव्हे. ब्यूटिल ॲसिटेट, ॲसिटोन यांसारखी द्रावके दोन्ही भागांचा पृष्ठभाग विरघळवतात. मऊ झालेल्या थरांतील रेणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि द्रावक उडून गेल्यावर दोन भागांचा एकच तुकडा उरतो. लोखंडाच्या वेल्डिंगशी त्याची तुलना करता येईल. असा सांधा नीट सुकला की जोर लावल्यावर अनेकदा शेजारचे प्लास्टिक मोडते, पण सांधा सुटत नाही. एवढी खात्री दुसऱ्या कोणत्याही घरगुती गोंदाला देता येत नाही.

पातळ द्रावण आणि ट्यूबमधील घट्ट द्रावण यांची रीत वेगळी आहे. पातळ द्रावण वापरताना दोन्ही भाग आधी जुळवून धरावेत आणि ब्रशचे टोक फटीला नुसते टेकवावे. केशाकर्षणाने द्रावण फटीत आपोआप धावते. बोट नेमके फटीवर असेल तर ते बोटाखालीही धावते आणि विमानाच्या अंगावर ठसा कायमचा उमटतो. घट्ट द्रावण दोन्ही कडांना लावून क्षणभर थांबावे व मग भाग दाबावेत. कडेने विरघळलेल्या प्लास्टिकची बारीक वेल बाहेर येते. ती पुसण्याचा मोह टाळावा. दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपरने घासली की फटही दिसेनाशी होते. चोवीस तास थांबण्याचा हा नियम सर्वांत जास्त मोडला जातो, आणि सुट्टी संपत आली की हमखास.

द्रावक प्लास्टिकवर काम करते, रंगावर नव्हे. त्यामुळे रंगवलेला किंवा चकचकीत मुलामा दिलेला भाग जोडण्यापूर्वी सांध्याच्या जागेवरचा थर खरवडून काढावा. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेल्या तेलकट द्रव्याचा अंशही राहिलेला असू शकतो. कोमट पाणी आणि भांड्याचा साबण वापरून संपूर्ण चौकट धुऊन घेतलेली बरी.

उग्र वास नको असणाऱ्यांसाठी लिमोनिनवर आधारलेली द्रावणेही मिळतात. संत्र्याच्या सालीतील तेलाचा हा प्रमुख घटक. लहानपणी साल पिळून भावंडांच्या डोळ्यांत उडवलेला तोच फवारा पॉलिस्टायरीनही विरघळवतो. ही द्रावणे सावकाश सुकतात. एबीएसवर त्यांचा भरवसा धरू नये. एबीएससाठी त्या प्लास्टिकचे नाव लिहिलेले वेगळे सिमेंट घ्यावे. बंदाई कंपनीने १९८० पासून विकायला आणलेल्या गंडम यंत्रमानवांच्या आजच्या संचांत मात्र बहुतेक भाग खाचेत दाबून बसतात आणि त्यांना गोंद लागतच नाही.

झटपट गोंदाची मर्यादा

काळेवाडीतील कोणत्याही स्टेशनरी किंवा हार्डवेअरच्या दुकानात फेविक्विकसारखा झटपट गोंद काही रुपयांत मिळतो. सायनोॲक्रिलेट हे त्यातील रसायन. कोडॅक कंपनीतील हॅरी कूव्हर यांच्या चमूला ते १९४२ मध्ये बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना सापडले. प्रत्येक वस्तूला चिकटते म्हणून ते तेव्हा बाजूला ठेवले गेले आणि १९५८ मध्ये गोंद म्हणून बाजारात आले.

हवेतील व पृष्ठभागावरील ओलाव्याने हा गोंद घट्ट होतो. तो प्लास्टिक विरघळवत नाही, वरवर धरतो. सरळ ओढ तो चांगली सहन करतो, परंतु आडवा धक्का बसला की काचेसारखा तडकतो. रणगाड्याची नळी किंवा मावळ्याच्या हातातील भाला टेबलावरून पडताच सुटतो तो याचमुळे. भाग सरळ बसवण्यासाठी उसंतही मिळत नाही. शिवाय सुकताना उठणारी वाफ आसपास बसून पांढुरकी साय तयार होते. विमानाच्या पारदर्शक छतासाठी त्यामुळे तो सर्वस्वी अयोग्य ठरतो.

तरीही तो टाकाऊ नाही. रेझिनच्या ओतीव मूर्ती, थ्रीडी प्रिंटरवर छापलेले भाग, किंवा प्लास्टिकला धातूचा बारीक तुकडा जोडायचा असेल तर द्रावकाचा उपयोग होत नाही आणि तेथे झटपट गोंदच कामी येतो. धातूचा भाग जड असेल तर ॲरल्डाइटसारखा दोन ट्यूबांचा इपॉक्सी गोंद घ्यावा. दोन्ही द्रव्ये समप्रमाणात मिसळावीत. साध्या प्रकाराला पूर्ण ताकद यायला एक दिवस लागतो.

पारदर्शक भागांसाठी सर्वांत सुरक्षित गोंद बहुधा मुलांच्या दप्तरातच असतो. फेविकॉल एमआरसारखा पांढरा गोंद सुकल्यावर पारदर्शक होतो, प्लास्टिकला इजा करत नाही आणि चुकला तर ओल्या कापडाने पुसता येतो. ताकद कमी असली तरी छताच्या काचेला ती पुरते. किल्ल्यावरच्या मातीच्या मावळ्याची मान मोडली, तर सच्छिद्र मातीलाही हाच गोंद मानवतो. थर्माकोल हे पॉलिस्टायरीनचेच फुगवलेले रूप असल्याने त्यावर प्लास्टिक सिमेंटचा थेंब पडला की तेथे खड्डा पडतो. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ मध्ये बंदी आली, पण खोक्यांतून घरी आलेल्या तुकड्यांचे डोंगर अजूनही होतात. तेथेही पांढराच गोंद वापरावा.

हार्डवेअरच्या दुकानात आणखी दोन वस्तू पर्याय म्हणून पुढे केल्या जातात. पीव्हीसी पाइपचे सोल्युशन पॉलिस्टायरीनवर इतके जोराने चालते की नाजूक नक्षी विरघळून जाते. चपला व रेक्झिन चिकटवण्याचा पिवळसर रबरी गोंद तारा सोडतो आणि सांधा मऊच ठेवतो. ॲक्रिलिकच्या पाट्या बनवणारे कारागीर क्लोरोफॉर्म वापरतात. ते पॉलिस्टायरीनही जोडते, परंतु यकृताला अपाय करणारे हे द्रव्य मुलांच्या छंदासाठी घरात आणण्याचे काहीच कारण नाही.

छोट्या घरातील धोके

प्लास्टिक सिमेंटची द्रावके चटकन पेट घेतात. विमानाने अशी द्रव्ये पाठवण्यावर निर्बंध असल्याने ऑनलाइन मागवलेली बाटली कधी उशिरा येते, कधी विक्रेता ऑर्डरच रद्द करतो. दोन खोल्यांच्या घरात जोडणीचे टेबल, गॅसची शेगडी आणि देवघरातील समई एकमेकांपासून फार दूर नसतात. द्रावकाची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत सरकत जाते. काम खिडकीजवळ करावे, समई व उदबत्ती विझल्यावर करावे आणि बाटलीला दरवेळी झाकण लावावे. पंखा वाफ आपल्या तोंडावर आणणार नाही असा ठेवावा. शालेय मुलांच्या हाती सिमेंट एकट्याने देऊ नये. द्रावक हुंगण्याचे व्यसन लागते, हे पालकांनी गृहीत धरूनच बाटली कुठे ठेवायची ते ठरवावे.

झटपट गोंदाचा धोका वेगळा आहे. सांडलेला गोंद सुती कापडाने किंवा कापसाने पुसू नये. सुताशी त्याची प्रक्रिया होऊन चटका बसेल इतकी उष्णता निर्माण होते. बोटे चिकटली तर ओढाताण न करता कोमट साबणाच्या पाण्यात ठेवून हळूहळू सोडवावीत. नेलपॉलिश काढण्याच्या ॲसिटोननेही ती सुटतात, पण तोच बोळा प्रतिकृतीला लागला तर पॉलिस्टायरीन विरघळते. उरलेली ट्यूब हवाबंद डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवली की पावसाळ्यातही टिकते. वापरण्यापूर्वी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, नाहीतर थंड तोंडावर दव जमून गोंद तेथेच घट्ट होतो. डबी डोळ्यांच्या औषधापासून लांब ठेवावी, कारण दोन्ही बाटल्यांचा आकार सारखाच असू शकतो. गोंद डोळ्यात गेल्यास भरपूर पाण्याने डोळा धुवावा, चिकटलेल्या पापण्या बळाने उघडू नयेत आणि ताबडतोब नेत्रतज्ज्ञांकडे जावे.