खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला

गेल्या वर्षी मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत एका काकूंनी विचारलं, "तू काय करतेस गं?"

"डेंटल असिस्टंट आहे."

"म्हणजे डॉक्टर नाहीस?"

मी हसून विषय बदलला. खरं तर मी मुंबईची बी.डी.एस. पण इथे बहुतेक राज्यांत बोर्डाच्या परीक्षा देऊन पुन्हा दोन-तीन वर्षं कॉलेजात काढावी लागतात. आधी एच-४ व्हिसा, मग मुलं, मग फीचा आकडा! हातात आलेली सक्शनची नळी हातातच राहिली.

काकूंचा प्रश्न मात्र डोक्यात घोळत राहिला. ही नोकरी मुळात आली कुठून?

१८८५ साली न्यू ऑर्लिन्सच्या डॉ. एडमंड केल्स यांनी मदतीला एक बाई ठेवली. त्या काळी घरंदाज स्त्रिया दातांच्या डॉक्टरकडे एकट्या जात नसत. नवरा नाहीतर मोलकरीण सोबत लागे. मग दवाखान्यांच्या खिडकीत "येथे बाई हजर असतात" अशा अर्थाच्या पाट्या लागू लागल्या. म्हणजे आमचं पहिलं काम काय, तर नुसतं हजर असणं! हत्यारं, मसाले, हिशेब हे सगळं हळूहळू अंगावर आलं.

कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टचे डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी १९०६ मध्ये आपली असिस्टंट आणि नात्यातली बहीण आयरीन न्यूमन हिला दात साफ करायला शिकवलं. १९१३ मध्ये त्यांनी अशा शिक्षणाची शाळाच काढली. १९१७ मध्ये आयरीनला जगातला पहिला हायजिनिस्टचा परवाना मिळाला. आज हायजिनिस्टला प्रत्येक राज्यात परवाना लागतो. असिस्टंटचं मात्र राज्यागणिक वेगळं. कुठे परीक्षा, तर कुठे कामावरच शिकायचं. ज्युलिएट साऊदर्ड यांनी १९२४ मध्ये असिस्टंटांची राष्ट्रीय संघटना उभारली, तरी ही तफावत राहिलीच.

आणि जीवाचा धोका? १९८० च्या दशकापर्यंत अनेक दवाखान्यांत हातमोज्यांशिवाय काम चाले. १९९१ मध्ये 'ओशा'चा नियम आला. हातमोजे, मास्क आणि हेपटायटिस बी ची लस मालकाने विनामूल्य द्यायची, हे तेव्हा कायद्याने ठरलं.

हा नियम मला उशिरा कळला. पहिल्या नोकरीत वापरलेली सुई बोटात घुसली. डॉक्टर म्हणाले, "हात धू आणि पुढचा पेशंट घे." मी घेतला! अशा वेळी मालकाने लगेच, स्वखर्चाने तपासणी करून द्यायची असते, हे वर्षभराने एका सहकारी मैत्रिणीने सांगितलं. सुदैवाने काही झालं नाही. पण ते वर्ष मी कसं काढलं असतं, हे आधी कळलं असतं तर!

एक कबुलीही देते. मुंबईत कॉलेजात आमच्या हाताशी एक मावशी असायच्या. ट्रे लावायच्या, रडणाऱ्या पोरांना थोपटायच्या. त्यांचं आडनावसुद्धा मी कधी विचारलं नाही. तेव्हा मी खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला होते ना!

यंदा काकू पुन्हा भेटतील. विचारलंच तर सांगेन, "काकू, डॉक्टर नाही. पण तुमच्या तोंडात सुई जाते, तेव्हा तुमचा हात धरणारी मीच असते."