शिकारीचा नकाशा, उद्यानाच्या वाटा : शिवपुरीचे माधव राष्ट्रीय उद्यान

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत शिवपुरीचं नाव निघतं ते दोन कारणांनी. तात्या टोपे यांना 18 एप्रिल 1859 रोजी इथे फाशी दिली गेली, हे एक. दुसरं म्हणजे सख्याराजे आणि त्यांचे चिरंजीव माधवराव शिंदे यांच्या समोरासमोरच्या छत्र्या. छत्र्या पाहून झाल्या की मंडळी परत फिरतात. मला मात्र शेजारच्या माधव राष्ट्रीय उद्यानात जास्त वेळ लागतो. माझा मूळ पेशा इंजिनिअरचा, त्यामुळे हरणांच्या आधी माझी नजर बंधाऱ्याकडे जाते!

या उद्यानात प्राणी पिंजऱ्यात नाहीत. गाडी हळू घेतली तर चितळांचा कळप रस्त्याच्या कडेला चरताना दिसतो, नीलगाय आडवी येऊन उभी राहते, मोकळ्या माळावर चिंकारा दिसतो. सख्यासागरच्या काठावर मगरी ऊन खात पडलेल्या असतात. आपण पाहुणे, ते घरचे. पण हे सगळं इतक्या सहज दिसतं कसं? माझ्या मते त्याचं उत्तर जंगलात कमी आणि माधवरावांच्या बांधकामात जास्त आहे.

हा मुलूख खडकाळ आणि कोरडा. उन्हाळ्यात पाणी आटलं की जनावरं पांगतात. माधवरावांनी शिवपुरीला उन्हाळी राजधानी केलं. ग्वाल्हेरहून दोन फुटी रुळांची छोटी रेल्वे 1899 साली इथवर आली. पुढे 1918 मध्ये मणियार नदीचं पाणी अडवून सख्यासागर तयार झाला. नाव आईचं. बारमाही पाणी मिळालं तशी जनावरं काठाशी येऊ लागली. आणि शिकाऱ्याला हवं असतं तेही नेमकं हेच.

आता जागांची आखणी पाहा. तलावाच्या काठावर ‘शूटिंग बॉक्स’. इथे मोटारीने थेट पोहोचता येई आणि गाडीतून न उतरता नेम धरता येई. उद्यानातल्या सगळ्यात उंच टेकाडावर जॉर्ज कॅसल, पाचव्या जॉर्जच्या 1911 च्या भारतभेटीत मुक्काम व्हावा म्हणून बांधला असं सांगतात. खाली पाण्यालगत सेलिंग क्लब. पाणी कुठे, आडोसा कुठे, गाडी कुठपर्यंत, हे सगळं शिकारीच्या सोयीने ठरलेलं. आज आपण जीपमधून न उतरता कॅमेरा रोखतो तेव्हा जवळपास तोच नकाशा वापरत असतो. फक्त हातातली वस्तू बदलली.

याच राज्यात एक विचित्र प्रयोगही झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माधवरावांनी आफ्रिकेतून सिंह मागवले आणि पुढे ते श्योपूर-शिवपुरीच्या जंगलात सोडले. सिंहांनी गुरांवर आणि माणसांवर हल्ले केले, प्रयोग फसला. म्हणजे एकीकडे पाहुण्यांसाठी घरच्या वाघाची शिकार आणि दुसरीकडे परदेशी सिंहाला आमंत्रण! माधवराव 1925 मध्ये पॅरिसला वारले. संस्थान गेलं, 1950 च्या दशकात शिकारीचं रान राष्ट्रीय उद्यान झालं. पण नंतरच्या काही दशकांत इथला वाघ संपला तो संपलाच.

तो परत आणावा लागला. मार्च 2023 मध्ये मध्य प्रदेशातल्या इतर जंगलांतले वाघ इथे आणून सोडले. मार्च 2025 मध्ये उद्यानाला देशातल्या 58व्या व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. त्याच वेळी 13 किलोमीटर लांबीच्या दगडी संरक्षक भिंतीचंही उद्घाटन झालं. सुमारे 355 चौरस किलोमीटरच्या रानाला शहर खेटून आहे, हमरस्ते त्यातूनच जातात. भिंत लागणारच.

पण माझी काळजी भिंतीची नाही, पाण्याची आहे. सख्यासागरला 2022 मध्ये ‘रामसर’ पाणथळ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. आणि त्याच तलावाला शहराच्या सांडपाण्याने आणि जलपर्णीने घेरलं आहे. जलपर्णी दाट झाली की खाली प्रकाश पोहोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे मरतात. माशांवर मगर आणि पाणपक्षी जगतात. सडलेली पर्णी तळाशी बसून गाळ वाढतो, तलाव उथळ होतो.

आपण वारसाप्रेमी छत्रीच्या संगमरवराला तडा गेला तर अर्ज-विनंत्या करतो. करायलाच हव्यात. पण सख्यासागरही त्याच माणसाने, त्याच आईच्या नावाने बांधलेली वास्तू आहे. शंभर वर्षांहून जुनी आणि अजून रोजचं काम करणारी. पुढच्या खेपेला शिवपुरीला जाल तेव्हा छत्र्यांची मापं घ्या, फोटो काढा. मात्र तलावात शहराचे नाले कुठून उतरतात, पर्णी कुठवर आली, पाण्याची पातळी किती, हेही तारखेसकट लिहून ठेवा. वारशाच्या वहीत हे पानही हवं.